सासूसाठी शिवलेली गोधडी

माझ्या आजीची सासू आंधळी झाली आणि तिने जेवण सोडलं.

आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. नवी नवरी.

आज आजीला जाऊन वर्ष झालं. नुसता फोटो टाकून हात जोडणार होते. पण फोटोत ती फक्त एक म्हातारी बाई दिसते. म्हणून ही गोष्ट लिहिते. तिनेच सांगितलेली, भाकरी थापता थापता.

सीपी अँड बेरारचे, म्हणजे इंग्रजांच्या राज्याचे दिवस होते. आमचं गाव धाडजवळ. आजीचं नाव सुभद्रा, माहेर मलकापूर, रेल्वे स्टेशनचं गाव. सासूला, म्हणजे माझ्या पणजीला, ही सून मुळातच पसंत नव्हती. टेशनची पोरगी, हिला ढोरावासरातलं काय कळणार, असं ती चारचौघींत बोलायची.

पणजी तरुणपणीच विधवा झालेली. शेती तिने एकटीने सांभाळली. धाडच्या बाजारात बैल घ्यायला स्वतः जायची. पुरुषांच्या घोळक्यात उभी राहून बैलाचे दात बघायची, सौदा करायची.

अशा बाईचे डोळे गेले.

आजोबांनी तिला गाडीत घालून मलकापूरच्या डॉक्टरकडे नेलं. उशीर झाला, आता काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर पणजी ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसली, ती बसलीच. कोणाशी बोलेना. ताट पुढे ठेवलं तर हाताने बाजूला सारायची. आजोबा जबरीने पाजतील तेवढ्या दुधावर होती.

एकदाच बोलली. आजोबांना म्हणाली, "मले आता काऊन जगवता?"

आजोबा गोठ्यात जाऊन रडले. आजीने ते पाहिलं. कोणाला सांगितलं नाही.

आजीच्या हातात कला होती. माहेरी ती चिंध्यांच्या बाहुल्या करायची, पोलक्यावर मोर काढायची. सासरी आल्यावर ते सगळं थांबलेलं.

तिने जुनं धोतर घेतलं. पणजीचं विरलेलं लुगडं घेतलं. घरचा कापूस घेतला. आणि गोधडी शिवायला बसली.

साधी गोधडी नाही. कापडाखाली कापूस भरून तिने उठावाची चित्रं केली. घरचा आड. दारातलं तुळशीवृंदावन. आणि मधोमध आमचा बैल, सर्जा. सगळं असं, की हात फिरवला तर कळावं.

महायुद्धामुळे कापड कंट्रोलवर होतं, मोजून मिळायचं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, आंधळीला चित्रं दाखवते, सून येडी झाली. आजी म्हणायची, त्यांचं बोलणं लागलं, पण सुई हातात होती म्हणून बरं.

एका दुपारी तिने गोधडी सासूच्या मांडीवर ठेवली. आणि शेजारी धान्य निवडायला बसली.

अर्धं सूप निवडून झालं.

मग पणजीचा हात हलला. आडावरून गेला. तुळशीवर थोडा थांबला. मग बैलावर आला आणि तिथेच फिरत राहिला.

"हा सर्जा हाय काय?"

"हाव, आत्याबाई."

"त्याचं डावं शिंग खाली वळेल हाय. तुले दिसत नाही काय?"

आंधळी सासू डोळस सुनेला हे विचारत होती. आजी सांगायची, मला हसू पण आलं आणि रडू पण. मी म्हटलं, दिसते, पण हाताले जमलं नाही. तुम्हीच सांगा.

आणि पणजी उठली.

कित्येक दिवसांनी. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून गोठ्यापर्यंत गेली. सर्जाने तिला ओळखलं, मान पुढे केली. पणजीने आजीचा हात धरला आणि बैलाच्या शिंगावर ठेवला.

"डोळे मीट. आता पाय."

पाय म्हणजे पाहा. आजीने डोळे मिटून पाहिलं.

त्या संध्याकाळी पणजीने भाकर मागून घेतली. ती जेवेपर्यंत आजोबा तिच्यासमोर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शिंग उसवलं, पुन्हा शिवलं. पणजीला तेही पटलं नाही. मग रोजचंच झालं. सासू चुका काढायची, सून उसवायची. दोघी आधी गोठ्यात, मग शेतात, मग धाडच्या बाजारात. पणजी पुन्हा बैल पारखू लागली, हाताने. आणि सून तिच्याकडून शिकली.

गोधडी वाढत गेली. माझे बाबा जन्मले तेव्हा त्यांच्या पावलाएवढं पाऊल आजीने कोपऱ्यात शिवलं. पणजी आधी त्यावर, मग बाबांच्या तळव्यावर बोट फिरवून ते किती वाढले ते मोजायची. पाऊल छोटं पडलं की आजी नवं शिवायची.

पणजी गेली तेव्हा आजीने ती गोधडी तिच्या अंगावर घातली. लोक म्हणाले, एवढी मेहनत आहे, ठेव. आजी म्हणाली, "त्यायचीच होती."

चितेवर ती पणजीबरोबरच गेली, म्हणून मी कधी पाहिली नाही.

पण आम्हा सगळ्या नातवंडांना तिने एकेक शिवून दिली. माझ्या गोधडीवर शेळी आहे. लहानपणी रुसले की मी शेळीजवळ जाऊन बसायचे, ते तिने लक्षात ठेवलं होतं. हॉस्टेलला जाताना मला त्या गोधडीची लाज वाटेल असं आईला वाटलं. उलट रूममेट्स भांडायच्या तिच्यासाठी.

गेल्या वर्षी भावाकडे बाळ होणार होतं. आजीची बोटं थरथरत होती, दोरा ओवता येईना. तिने आईला समोर बसवलं. तू शिव, मी सांगते, म्हणाली. आई कॉन्व्हेंटमध्ये शिकवते, तिने आयुष्यात बटणापलीकडे काही शिवलेलं नाही. दोघींची खूप भांडणं झाली.

गोधडी अर्धी असताना आजी गेली.

तेरावं झालं. पाहुणे गेले. आईने चष्मा लावला आणि उरलेली अर्धी एकटीने पूर्ण केली.

भाची आता आठ महिन्यांची आहे. त्या गोधडीवरच झोपते.

सुभद्राआजी, आम्ही सगळे बरे आहोत. तुला मनापासून नमस्कार.