शेजारी खरं बोलतो का?

करोल बागेत मुजावर सर दुकानात शिरले की आधी घरी असलेल्याच वस्तूचा भाव विचारत. कुकरची शिटी हवी असली तरी पहिला प्रश्न मागच्या महिन्यात घेतलेल्या तव्याचा. भाव बरोबर सांगितला तर शिटीची गोष्ट, नाहीतर “अच्छा, शुक्रिया” म्हणून पुढचं दुकान. एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला त्यांच्यासोबत पाठवलं. शिटी मिळेपर्यंत माझ्या पायांचे तुकडे पडले आणि हे गृहस्थ मजेत चालले होते.

सर मूळचे मिरजेचे, अणुभौतिकीच्या संशोधनासाठी दिल्लीत आले आणि इथलेच झाले. मी लातूरहून त्यांच्याकडे पीएचडीला आले तेव्हा वाटलं, आपला मराठी माणूस आहे, सांभाळून घेईल. कसलं काय!

आमचं काम असं. ताऱ्यांच्या पोटात अणूंची केंद्रकं न्यूट्रॉन गिळत गिळत जड होतात. कोणतं केंद्रक किती वेगाने गिळतं, तो आकडा आम्हाला हवा असतो. पण माझं केंद्रक इतकं अल्पायुषी, की त्याच्यावर न्यूट्रॉन मारायची तयारी होईपर्यंत ते उरतच नाही. म्हणून आडवाट धरायची. शेजारचं टिकाऊ केंद्रक घ्यायचं, त्यावर लिथियमचा झोत सोडायचा, आणि न्यूट्रॉन गिळल्यावर जे केंद्रक झालं असतं तेच या वाटेने घडवायचं. मग ते कसं शांत होतं हे पाहून हवा तो आकडा काढायचा.

“स्थळाची चौकशी शेजाऱ्यांकडे करतात ना, तसंच हे,” सर म्हणत. “पण शेजारी खरं बोलतो का, ते आधी बघायचं. ज्याचं उत्तर ठाऊक आहे, तेच त्याला पहिल्यांदा विचारायचं.”

ऐकायला छान आहे. भोगायला मी होते.

वर्षभर थांबल्यावर आम्हाला झोत सोडणाऱ्या मशीनवर आठवडाभराचा वेळ मिळाला. सरांनी झोतासमोर पहिलं टार्गेट, म्हणजे ज्यावर झोत आदळतो तो पातळ पत्रा, लावलं ते माझं नाहीच. ज्याचा आकडा लोकांनी थेट न्यूट्रॉन मारून कधीच मोजला होता, ते केंद्रक घडवणारं लावलं.

“सर, हे सगळ्यांना माहीत आहे,” मी म्हणाले. “माझं कधी लावायचं?”

“हे झालं की. चलो, काउंटर बघ.”

निम्मा आठवडा त्यात गेला आणि मशीन बिघडलं. दुरुस्तीला आठवडे लागणार होते. माझं टार्गेट डबीतच राहिलं. मला भयंकर संताप आला.

वर आमचा आकडा जुळलाही नाही. खऱ्यापेक्षा बराच जास्त आला. लिथियम आदळताना केंद्रकाला जादा गरगरवतं, त्यामुळे ते न्यूट्रॉन परत टाकण्याऐवजी गॅमा किरण सोडून शांत होतं. साहजिकच गिळण्याचा वेग फुगतो. सर खूश झाले. “बघ वैशाली, शेजारी वाढवून सांगतोय. किती वाढवतो, ते आता काढता येईल.”

“सर, माझी फेलोशिप संपत आलीये.”

“बिल्कुल. पण चुकीचा आकडा छापून ती वाढणार आहे का?”

तेवढ्यात दुसऱ्या एका गटाने माझ्याच केंद्रकाचा आकडा असली काही पडताळणी न करता छापला. मी पेपर सरांच्या टेबलावर आपटला. त्यांनी चष्मा पुसून तो नीट वाचला आणि म्हणाले, “यांनी शेजाऱ्यावर विश्वास ठेवला.” बस्स, एवढंच. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. शेवटी माझा प्रबंध त्या आधीच मोजलेल्या केंद्रकावर झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, “इसमें नया क्या है?” मी दुरुस्तीचा आलेखच पुन्हा दाखवला, आणि सरांनी काही सांभाळून घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मशीनच्या वेळेसाठी केलेला आमचा जुना अर्ज मंजूर झाला, पहिलं नाव त्यांचंच. या वेळी मशीन रुसलं नाही. माझं टार्गेट लागलं.

आकडा आला. सरांच्या हिशेबाने गरगरण्याची दुरुस्ती केली, दुसऱ्या पद्धतीने करून पाहिली, तरी तोच आला. त्या छापलेल्या आकड्याहून तो बराच कमी आहे. ज्याच्यासाठी मी त्यांच्याशी इतकी वर्षं भांडले तो समोर आहे. पेपर लिहून तयार आहे. लॅबमधले म्हणतात, भेज दे यार, किसका इंतज़ार है?

काय सांगू त्यांना? या आकड्यावर अजून कुणी सरांसारखा अविश्वास दाखवलेला नाही.