झाकलेली टोपली

आमच्या गावच्या तलावावर एक रिवाज आहे. मासोळी धरून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आलं की टोपली सगळ्यांसमोर उघडायची, मगच घरी न्यायची. तलाव सगळ्यांचा, मग त्यातून काय काढलं ते लपवायचं काऊन?

चिमूरला मी कॉम्प्युटर क्लास चालवायची, तेव्हाची गोष्ट. गावच्या मच्छीमार सोसायटीसाठी मी जाळं टाकायच्या बाऱ्या लावणारा प्रोग्राम बनवला. पाया माझा नव्हता. कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी इंटरनेटवर खुला ठेवलेला कोड होता तो. अट एकच: घ्या, बदला, हवं तर विका, पण ज्याला द्याल त्याला तुमचा बदललेला कोडही द्या. माझं कामही मी त्याच अटीवर खुलं ठेवलं.

एका कंपनीनं ते उचललं, वर रंगरंगोटी केली आणि तालुक्यातल्या सोसायट्यांच्या गळ्यात मारलं. आमच्याही. पहिल्याच महिन्याच्या बाऱ्या लागल्या, तर त्यात आई नाहीच! बाबा नुकतेच वारले होते. आमच्याकडे माणूस गेला तरी बारी घरातच राहते, बाईकडे येते. माझ्या प्रोग्राममध्ये तसंच होतं. यांनी कुठं हात घातला कोण जाणे, बाबांबरोबर त्यांची बारीही गेली. आईचं पोट त्या तलावावर होतं. माझं डोकंच फिरलं.

फोन केला. म्हटलं, कोड द्या, मीच दुरुस्त करते. "मॅडम, ते कंपनीचं सिक्रेट आहे. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." अरे वा रे वा! तोपर्यंत आईनं काय खायचं?

त्यांचा माणूस ट्रेनिंग द्यायला गावात आला, तेव्हा पाळीवर सगळ्यांसमोर त्याला गाठलं. "लोकांच्या तलावातून काढलं ना? मग टोपली उघडा."

तो हसला. "मॅडम, सॉफ्टवेअर म्हणजे काय मासोळी आहे?"

"नाई भाऊ. मासोळी वाटली तर कमी होते. हे वाटून कमीही होत नाई, तरी तुम्ही झाकून राह्यले!"

तेवढ्यात आई पाण्यातून वर आली. आम्ही भांडत होतो तेव्हाच ती जाळं घेऊन उतरली होती, कोणाला न विचारता. तिनं टोपली त्या माणसासमोर ठेवली आणि उघडली. "आज माही बारी होती. पाहून घ्या."

मग सोसायटीचे अध्यक्ष त्याला म्हणाले, "उघडा, नाईतर उचला."

त्यानं आपल्या प्रोग्रामची सीडी उचलली. निघताना मी त्याच्या हातात माझी दिली, कोडसकट.

"घ्या," म्हटलं. "आमच्या इथी असं देतात."