समासातली अक्षरं

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

वडिलांचा हातमाग बंद पडला तेव्हा आमचं घर रद्दीच्या पुड्यांवर चालायचं. आई खळ लावायची, मी आणि धाकटी बहीण निशा कागद कापायचो. वह्या यायच्या त्या मला. निशा वर्तमानपत्राच्या कडेचा कोरा समास कापून ठेवायची आणि त्या पट्ट्यांवर अक्षरं काढायची. पट्टी उभी, रुंदी बोटभर — म्हणून अक्षरं उंच, अरुंद, एकमेकांना खेटून उभी. तिचा ळ म्हणजे शेपटी वळवून बसलेली मांजर. उकाराला ती चप्पल घालायची. मला हसवायला.

पुढे मी शिकलो. खानदानातला पहिला ग्रॅज्युएट — हे मी आजही छाती काढून सांगतो. डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला स्वतःचा फॉन्ट करायचा होता. मी काय केलं? निशाच्या पट्ट्या स्कॅन केल्या, कडा साफ केल्या, खाली माझं नाव घातलं. कॉलेजचं पहिलं बक्षीस मिळालं. त्यावरच नोकरी.

"पार्टी दे गा दादा! बक्षीस त माह्या बिल्लीनं आणलं," निशा म्हणाली. मग विचारलं, "सरले सांगतलं ना, अक्षरं माहे आहेत म्हणून?"

हो म्हणालो.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित — नाही, तेही वाईटच होतं. पण माझ्या त्या 'हो'च्या भरवशावर ती त्याच कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखतीला गेली. बांगड्यांच्या डब्यात त्याच पट्ट्या घेऊन. सरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर पट्ट्या पसरलेल्या, बाजूला निशा उभी. हे तुझं पाहून काढलंय का, सरांनी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं — निर्धास्त. आता दादा सांगेल, अशी.

"हो सर. घरी माझंच गिरवत असते."

किती सहज निघालं तोंडातून! तिनं पट्ट्या गोळा करून डब्यात भरल्या. एक खाली पडली, तीही वाकून उचलली. बाहेर मी गाडी काढली, तर म्हणाली, "तू जाय. मी येतो ऑटोनं."

तिला प्रवेश मिळाला नाही. पुन्हा ती कुठे गेली नाही.

आज तो फॉन्ट कुठे नाही? वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, चाटच्या ठेल्यांवर — लांबलचक नावही एका ओळीत मावतं, म्हणून सगळ्यांना तोच लागतो. पोंग्यांच्या — त्या पोरं बोटांत घालून खातात त्या तळलेल्या नळ्यांच्या — पाकिटावरही तोच. हिंगण्याला त्याच पोंग्यांच्या कारखान्यात निशा पॅकिंगला आहे. पाकिटावरच्या नावात ळ आहे. दिवसभर तिची मांजर तिच्याच हातून खोक्यात जाते.

परवा राखीला आली, माझ्या पोरीसाठी ती पाकिटं घेऊन. पोरीला अक्षर फार आवडलं. कोणी काढलं गं आत्या, म्हणाली.

"तुह्या बाबानं," निशा म्हणाली.

मी समोरच बसलो होतो.

घरातला पहिला ग्रॅज्युएट मी आहे. फॉन्ट माझ्या नावावर आहे. अक्षरं निशाची आहेत.