मधोमध तोडलेली लगड

परवा नातवाच्या सराफी दुकानात कस लावायच्या तेजाबाचा उग्र वास नाकात गेला आणि निजामाच्या अमदानीतला सोनपेठचा एक बाजार आठवला. मी तेव्हा पेठेत नवा पारखी होतो. चांदीचा कस बघून लगडीवर आपला ठसा मारायचा, हा माझा धंदा. त्या दिवशी वालूरला दिलेली एक बाई लेकीच्या लग्नाचे तोडे घडवायला चांदीची लगड घेऊन आली आणि सोनाराकडे देण्याआधी ती माझ्या ओट्यावर दाखवायला ठेवली. लगडीवर माझ्या आधीच्या, नुकत्याच वारलेल्या म्हाताऱ्या पारख्याचा ठसा होता. लोक अजून त्याचंच नाव घेत आणि ते मला सलत होतं. कस न लावताच मी चारचौघांत म्हणालो, "या ठशावर काय भरोसा? आत शिसं असंल." ती म्हणाली, "न्हाई, चांदीच हाय. ठसा तेवढा जपा." मी छिन्नी नेमकी ठशावर ठेवली आणि हातोडा मारला. लगडीचे दोन तुकडे झाले. आतली चांदी पांढरीशुभ्र, निखळ होती. "काय निघालं?" तिनं विचारलं. "चांदी," मी पुटपुटलो. "मगाशी बोललात तसं मोठ्यानं सांगा की. ते माजे वडील होते." ओट्यावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी तराजू पुसत बसलो. तिनं तुकडे पदरात बांधले आणि तोडे न घडवताच निघून गेली. वालूरला जाऊन माफी मागायचं मी कितीदा ठरवलं, पण गेलो नाही. आता नातू गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतो, "आमचे आजोबा लय मोठे पारखी," तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं.