गोष्ट सांगेल त्याला पुस्तक

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत अरुणा टेंब्यांना कुणी ग्रंथपाल वगैरे म्हणत नसे. त्या सगळ्यांच्या अरुणाकाकू होत्या आणि त्यांचं वाचनालय म्हणजे मागच्या व्हरांड्यातली लाकडी मांडणी. दर शनिवारी दुपारी ते उघडायचं. वर्गणी नव्हती, पण नियम होता आणि त्यात माफी नव्हती. वाचलेलं पुस्तक परत आणायचं, वेताच्या मोढ्यावर, म्हणजे बुटक्या गोल बैठकीवर बसायचं, त्यातली गोष्ट सगळ्यांना सांगायची, आणि मगच पुढचं पुस्तक न्यायचं.

दुसरा नियम काकूंनी स्वतःलाच घालून घेतला होता. गोष्ट सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. दिल्लीत वाढलेली पोरं, त्यांचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीच्या गल्लीत शिरायचं. कुणी राजकन्येचं भलत्याच राक्षसाशी लग्न लावून द्यायचं, कुणी शेवट विसरून नवा जोडायचं. काकू हनुवटीखाली हात धरून ऐकत राहायच्या. चुका दाखवल्या की पोरं गप्प होतात आणि गप्प झालेलं पोर पुस्तकापासून तुटतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मत चांगलंच होतं. पण आयुष्यभर एकच चांगलं मत धरून बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते या गोष्टीत आहे.

मांडणी केली होती विश्वासरावांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी. कृषी मंत्रालयात नोकरी, पण हात सुताराचा. ऑफिसात आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या मागून आणून, रंधा मारून त्यांनी ती उभी केली. पुण्या-नागपूरहून पाहुणे यायचे तेव्हा त्यांच्याकडे चिवडा-बाकरवडी न मागता मुलांची पुस्तकं मागवायची, ही युक्तीही त्यांचीच. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं, फाटलेली पानं खळीने चिकटवायची, उन्हाळ्यात कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचा, सगळं ते करायचे. फक्त वाचायचे नाहीत. कुठलंही पुस्तक घेतलं की तिसऱ्या पानावर त्यांना झोप लागायची. बायकोचा शनिवार आपल्या अंगणात भरतो, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

त्या शनिवारच्या पोरांत शेजारच्या ब्लॉकमधला यतीन होता. दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड आणि आळशी नंबर एक. तो पुस्तक उघडायचाच नाही. वरचं चित्र बघायचा, मागचा मजकूर डोळ्यांखालून घालायचा आणि मोढ्यावर बसून अशी काही गोष्ट सांगायचा की शेंबडी पोरंसुद्धा नाक ओढायचं विसरायची. काकूंना कळत नव्हतं असं नाही. विश्वासराव तर हसून म्हणायचे की या गड्याने पुस्तकाचं कव्हरसुद्धा हलवलेलं नाही, मी घातलंय तसंच परत आलंय. पण काकूंना त्याचं कौतुक. पोरगा सांगतो तर छान, वाचायला काय, पुढे लागेल. त्या म्हणायच्या, “जा, पुढचं घे.” आणि तो घ्यायचा.

मग देशाची दारं उघडली. मारुती गाड्या वाढल्या, घरोघर परदेशी वाहिन्या आल्या आणि विश्वासराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं. सरकारी नोकरांनी मिळून यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीत वसुंधरा नावाच्या नव्या वस्तीत सोसायटी बांधली होती, तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. सुरुवातीला तिथे ना धड रस्ता ना पाणी, धूळ मात्र मुबलक. सोसायटीने तळघरातली एक रिकामी खोली काकूंना वापरायला दिली आणि विश्वासरावांनी मांडणी टेम्पोतून आणून तिथे पुन्हा उभी केली. आता मराठी पोरं मूठभर उरली होती. पण आसपास इमारती उठत होत्या. गवंड्यांची, धुण्याभांड्याच्या बायकांची, गेटवरच्या चौकीदारांची पोरं दारात डोकवायला लागली. काकूंनी हिंदी पुस्तकं आणली. नियम तोच ठेवला.

असं बरीच वर्षं चाललं. मग आजूबाजूला मॉल झाले, फ्लॅटच्या किमती भडकल्या, जुने लोक विकून गेले आणि नव्या कमिटीला तळघरात जिम हवी झाली. बाईसाहेब, समाजसेवा ठीक आहे, पण जागा सोसायटीची आहे, असं काकूंना सांगण्यात आलं. खोली गेली असती तर पोरांना बसायला दुसरी जागा नव्हती. कामवाल्या बायकांच्या पोरांना कोण आपल्या दिवाणखान्यात घेणार? त्या दिवसांत काकूंना अन्न गोड लागेना.

अशा वेळी यतीन आला. आता तो गुडगावला जाहिरातींच्या मोठ्या कंपनीत होता, गाडी होती, दाढी राखली होती. काकूंच्या पाया पडला. विश्वासरावांच्याही पडला. खोलीचं ऐकून म्हणाला की अरुणाकाकू, आजकाल नुसतं काम करून भागत नाही, काम दिसावं लागतं. त्याने मित्रांबरोबर एक फाउंडेशन काढलं होतं. वाचनालय त्याच्या पंखाखाली घ्यायचं, तीन मिनिटांची फिल्म करायची, ती इंटरनेटवर टाकायची. देणगीदार मिळतात, आणि नाव झालं की कमिटीची काय टाप आहे खोलीला हात लावायची. काकूंचे डोळे भरून आले. ज्याला आपण फुकट पुस्तकं दिली तो परत आला, याहून मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं.

फिल्म करायला क्षिप्रा नावाची मुलगी आली, हुशार आणि घाईत असलेली. तिने पहिल्याच तासात विश्वासरावांना बाहेर बसायला सांगितलं, कारण त्यांचा खोकला माइकमध्ये येत होता. ते गेटजवळच्या बाकावर जाऊन बसले. दुपारी मात्र डबा घेऊन आले. काकूंचं तोंड पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबले. काकूंच्या कपाळावर टिकली नव्हती. लग्नापासून ती रुपयाएवढी लाल टिकली त्या कपाळावरून हललेली त्यांनी पाहिली नव्हती.

“कपाळ?” त्यांनी विचारलं.

काकू ओशाळल्या. लाइटमध्ये चमकते म्हणे, असं त्यांनी सांगितलं. मेकअपच्या मुलीने ओल्या कापसाने टिकली काढली तेव्हा त्यांचा हात वर गेला होता. पण पलीकडे यतीन उभा होता. फिल्म ही त्याची गोष्ट होती आणि गोष्ट सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. हात त्यांनी खाली घेतला. मला विचाराल तर सगळं नुकसान त्या हाताने केलं.

फिल्म गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत दाखवली. काकूंनी ठेवणीतली इरकल नेसली होती, नवी टिकली लावली होती. विश्वासराव शेजारी बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. दिवे मालवले. पडद्यावर काकू घरच्या खिडकीशी बसलेल्या दिसल्या, उदास, मोकळ्या कपाळाच्या. खरं तर तेव्हा त्या चहाची वाट पाहत होत्या. मागून एक भारदस्त आवाज हिंदीत सांगू लागला की आयुष्याच्या संध्याकाळी अरुणा आंटी अगदी एकट्या पडल्या. जगायला कारण उरलं नव्हतं. तेव्हा आमच्या फाउंडेशनने या तळघरात एक वाचनालय सुरू केलं, आणि पुस्तकांनी आंटींना पुन्हा हसायला शिकवलं. मग मांडणी दिसली, जवळून, तिच्या फळ्यांवर लाइटने पाडलेलं संध्याकाळचं ऊन. त्यानंतर यतीन दिसला, पोरांच्या घोळक्यात.

म्हणजे जिने वाचनालय काढलं ती त्याची उपकृत झाली. ज्याने एकही पुस्तक वाचलं नाही तो संस्थापक झाला. आणि ज्याने मांडणी केली तो मेला.

टाळ्या कडकडून पडल्या. मोत्यांची माळ घातलेल्या एका बाईंनी काकूंचे हात हातात घेतले.

“बहुत हिम्मत है आपमें. अंकल को गए कितने साल हो गए?”

काकूंच्या खांद्यामागे विश्वासराव त्यांची शाल घेऊन उभे होते. काकूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात यतीन मध्ये आला, आंटी थकल्या आहेत म्हणाला. विश्वासरावांनी ते ऐकलं आणि शाल खुर्चीवर ठेवून ते मागे सरकले, पार भिंतीपर्यंत.

घरी येताना ते फक्त एवढंच म्हणाले की तुझा आवाज छान आलाय.

दुसऱ्या दिवशी काकूंनी यतीनला फोन केला. तो गोड बोलला. फिल्म हजारो लोकांनी बघितली होती, आता बदलता येणार नव्हती. शिवाय काका गेले असं आपण म्हटलंय कुठे? अकेली म्हणजे एक फीलिंग आहे, काकू. तीन मिनिटांत एकच माणूस मावतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कमिटीने फिल्म पाहून खोली कायमची फाउंडेशनला दिली होती. जिमचा विषय संपला होता. हे शेवटचं वाक्य ऐकून काकूंनी फोन ठेवला. खोली वाचली होती. पोरांना जागा राहिली होती. त्या बदल्यात फक्त नवरा द्यायचा होता, तोही नुसता फिल्ममध्ये.

विश्वासरावांनी आधी थट्टेवारी नेलं. सकाळी हाक मारायचे, स्वर्गवासी माणसाला चहा मिळेल का? पेन्शन आणायला निघाले की म्हणायचे, जिवंत असल्याचा दाखला यतीनला दाखवू नकोस. काकू हसायच्या, पण घास तोंडात फिरायचा.

मग एक दिवस थट्टा थांबली. फाउंडेशनने काही देणगीदार खोली दाखवायला आणले होते. विश्वासराव नेहमीसारखे जमिनीवर बसून कव्हरं घालत होते. एकाने त्यांना विचारलं, आप? काकू दारातच होत्या. विश्वासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पुस्तकाकडे.

“मैं? मैं तो पड़ोसी हूँ,” ते म्हणाले.

त्यानंतर ते तळघरात उतरले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

सोसायटीतले जुने लोक आले. नवे आलेच नाहीत, कारण त्यांच्या लेखी हे कधीच होऊन गेलं होतं. लिफ्टमध्ये एका तरुण बाईने कुजबुजत दुसरीला विचारलं की आंटी तर आधीच विधवा होत्या ना? पुण्याहून आलेल्या नणंदेने रीतीप्रमाणे काकूंच्या कपाळाकडे हात नेला, तेव्हा काकूंनी तो हात धरला.

“ती पुसून झाली आहे. एकदाच पुसतात,” त्या म्हणाल्या. नणंदेला काही कळलं नाही. टिकली राहिली.

दहाव्याला यतीन आला. खरंच रडला तो, ते खोटं नव्हतं. काकूंनी त्याच्याकडे एकच मागितलं. विश्वासरावांचा फोटो खोलीत लावायचा, त्यांनी केलेल्या मांडणीवर, खाली नाव आणि तारीख. बाकी काही नको.

यतीनने डोळे पुसले, घसा साफ केला. म्हणाला, काकू, तुम्ही म्हणाल ते. फक्त तारीख आत्ताची नको. खोलीत देणगीदार येतात, ते बघतील, त्यांना वाटेल आपण खोटं बोललो, आणि शेवटी नुकसान पोरांचं होईल. तो अगदी मनापासून सांगत होता. त्याहून वाईट काही नाही.

काकू उठल्या, आतून वेताचा मोढा आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

“बस. काकांची गोष्ट सांग. मग ठरवू.”

यतीन बसला. एवढा मोठा बाप्या, पण गुडघे जुळवून बसला, लहानपणी बसायचा तसाच. आणि सुरू झाला. आवाज तोच, मधासारखा. काका म्हणजे साधा माणूस, सरकारी नोकर, पण पुस्तकांवर जीव. ऑफिसातून दमून यायचे आणि दिव्याखाली वाचत बसायचे. एकेक पुस्तक हाताळून, वाचून, मगच ते आम्हा मुलांच्या हातात द्यायचे. वाचनाचं वेड त्यांनीच काकूंना लावलं...

“थांब,” काकू म्हणाल्या.

तो थांबला. असं त्याला या मोढ्यावर कधी कुणी थांबवलं नव्हतं, ना त्याला ना दुसऱ्या कुणाला.

“हे पुस्तक तू उघडलेलंच नाहीस, यतीन. तेव्हाही उघडायचा नाहीस आणि मला ते कळायचं. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं.”

यतीन मोढ्यावरच बसून राहिला, जुन्या सवयीने, काकू आता जा, पुढचं घे म्हणतील म्हणून. काकूंनी ते म्हटलं नाही. त्या आत जाऊन गॅसपाशी उभ्या राहिल्या, दार लागल्याचा आवाज येईपर्यंत.

फोटो खोलीत लागला नाही, तो त्यांच्या फ्लॅटमध्ये आहे. खोलीत आता कॅमेरा आहे. पोरं त्याच्यासमोर गोष्ट सांगतात आणि चुकली की फाउंडेशनचे लोक त्यांना थांबवून पुन्हा सांगायला लावतात. काकू तिकडे जात नाहीत. फिल्म अजून इंटरनेटवर आहे, लोक बघतात, खाली हात जोडल्याची चित्रं टाकतात. तिच्यात अरुणा आंटी खिडकीशी एकट्या बसलेल्या आहेत. तेवढं एक आता खरं झालं आहे.