न्येवूने आपटलेली लादी

न्येवू खाणीत उतरतानाही घाबरायची आणि वर येतानाही. मझेरास गावातल्या आमच्या दगडाच्या खाणीच्या तोंडाशी मी चहा आणि उकडलेला कसावा विकते, त्यामुळे तिचा चेहरा मला रोज दिसायचा. बायका तिला हसत. मीही हसले आहे.

भीती उगाच नव्हती. अंगणात घालायच्या सपाट लाद्या खालच्या थरात सापडतात, म्हणून पुरुष कडा खालून पोखरत जातात आणि वर दगडाचं छप्पर लोंबत राहतं. न्येवूचा नवरा त्सुमा तिथे पालथा पडून छिन्नी चालवायचा. त्याच्या लाद्या ती डोक्यावरून लॉरीपर्यंत न्यायची. डोक्यावर लादी असली की मान वर करता येत नाही. ज्याची धास्ती, ते छप्परच तिला दिसायचं नाही.

गेल्या साली बेजा नावाचा खाणकामगार त्याखाली चिरडून मेला. तेव्हापासून आत कुणाला नावाने हाक मारली, तर कुणी ओ देत नाही. बेजाचं भूतच हाका मारतं म्हणे.

त्या दिवशी ती चुंबळीवर मोठी लादी घेऊन कड्याखालून बाहेर पडत होती. लादीवर वरून बारीक खडे पडले. तो आवाज तिला थेट कवटीत ऐकू आला. तिची पाचावर धारण बसली.

"त्सुमा, बाहेर ये!"

छिन्नी थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"अरे, मीच आहे. न्येवू."

"भूतही असंच सांगेल ना," माझ्याकडे चहा पीत बसलेला म्वेरो म्हणाला.

पुन्हा आत जायला तिचे पाय उचलेनात. तिने डोक्यावरची लादी उचलली आणि खाली आपटली. लादीचे तुकडे झाले.

हा आवाज मात्र त्सुमाला भुताचा वाटला नाही. तो तावातावाने बाहेर आला. "डोळे फुटले का तुझे? सकाळपासून मरतोय मी त्या लादीपायी..."

त्याच्या मागे छप्पर कोसळलं.

न्येवूने त्याचा सदरा मुठीत धरला. "आता आत जायचं नाही. उपाशी राहू."

"सोड. लोक बघतायत." त्याचा आवाज कापत होता.

धूळ बसली. त्सुमा ढिगाकडे बघू लागला. पडताना छपराचे थर सुटे झाले होते, रुंद आणि सपाट, आयत्या लाद्याच. त्याने वाकून छिन्नीने टकटक केलं.

"खणखणीत आहे," तो म्हणाला, आणि उरलेल्या कड्याखाली सरकला. न्येवूने सदरा सोडला नाही. त्याच्यामागोमाग तीही आत गेली.