सीटखालचं मीठ

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कोणाचे झाले असतील, तर पिकअपचे. मी आणि दादा त्यानंतर, आणि आई कुठंतरी म्हशीच्या आसपास. आप्पा, म्हणजे आमचे वडील, हे लपवतही नसत. "गाडी खाऊ घालती. तुमी नुसतं खाता," असं आम्ही ताटावर बसलेलो असतानाच ऐकवायचे.

आमचं घर पडेगावला. आप्पा आणि दादा लासूर स्टेशनहून खताची पोती भरून कन्नड, फुलंब्रीकडच्या दुकानांत पोचवायचे. रब्बीच्या पेरण्या आल्या की गाडीला उसंत नसे, आणि त्याच दिवसांत आप्पांच्या अंगात यायचं. खताची भुकटी आणि थंडीतलं दव एकत्र आलं की पत्रा सडतो, हे ते आधीची एक गाडी घालवून शिकले होते. पाऊस वाहून जातो, दव बसून राहतं, असं म्हणायचे. म्हणून दसरा झाला की गाडी धुऊन वाळवायची, खालून सगळीकडं जळकं ऑईल फासायचं आणि लगेच फुफाट्याच्या रस्त्यानं पळवून आणायची. ऑईलवर धूळ बसून जाड थर धरायचा. त्या थराची काळजी आप्पांनी घेतली तेवढी आमच्या तापाची कधी घेतली नाही.

नजरेचा बंदोबस्त आईकडं होता. दर अमावस्येला ती गाडीवरून खडेमीठ ओवाळायची, काळ्या फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवायची. बाकीचे लोक असलं मीठ चुलीत टाकतात. आमच्याकडं टाकायचं नाही, कारण टाकलं की धरून ठेवलेली नजर सुटते. पुरचुंडी ओली लागली तर समजायचं, नजर जबर आहे. मग तिच्याशेजारी आणखी एक. सीटखाली हात घालून चाचपणं हा आप्पांचा रोजचा देवधर्म होता.

दादाचं लग्न झालं त्याच हिवाळ्यात केबिनच्या तळाला गंज फुटला. रबरी मॅट उचलली, तर खालचा पत्रा पापडासारखा सुटून आला. आप्पांनी आधी पत्र्याकडं बघितलं, मग स्वयंपाकघराकडं. तिथं माझी नवी भावजय भांडी घासत होती. फुलंब्रीजवळच्या गावची, हसरी, कामाला वाघ. "पाऊल कुणाचं पडलं बघा," एवढंच आप्पा म्हणाले. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आईनं पुरवला. असला शब्द एकदा बाईला चिकटला की कशानंही घासून निघत नाही.

मग हुकूम सुटला. भावजयीनं पहाटे उठायचं, दवानं भिजलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसायची, वर रॉकेलचा हात फिरवायचा. संक्रांतीपर्यंत गंज थांबला नाही, तर तिला माहेरी घालवायचं. थंडीनं तिचे हात फुटले. भेगांत रॉकेल जायचं. भाकरी थापताना ती ओठ आवळून धरायची. एकदा पिठात रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा आईनं परात ओढून घेतली. "आता भाकरी बी बाटवती का?" दादा समोरच जेवत होता. त्यानं कालवण मागितलं.

मी तेव्हा अकरावीला, सायन्सला होते. एकदा आप्पांना सांगितलं, "मीठच पत्रा खातंय. मीठ हवेतलं पाणी ओढतं."

"आसं? मंग लोणच्याची बरणी का गळत नाय?"

बरणी चिनीमातीची आहे, असं मी म्हणाले, तर थोबाडीत बसली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं आमचं चाललं होतं.

भावजय मात्र रोज विचारायची, "ताई, गंज कमी झालाय का वो?" मी म्हणायचे, झालाय. झालेला नसायचा. हे ऐकून ती दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावून पुसायची, आणि मला माझ्या घराची किळस यायची.

संक्रांत तोंडावर आली असताना दादाचा पाय क्लचजवळ पत्र्यातून आरपार खाली गेला. गाडी मोंढा नाक्याजवळच्या एका वेल्डरकडं न्यायची ठरली. आप्पांनी भावजयीलाही गाडीत बसवलं. "चल, आपलं कर्तृत्व डोळ्यानं बघ." सोबतीला मला घेतलं.

वेल्डरनं सीट काढली. खाली काळ्या पुरचुंड्यांचा ढीग, पाण्यानं थबथबलेला. त्याखाली पत्र्याची चाळण झालेली. पाणी निघून जायची जी भोकं होती, ती आप्पांच्या ऑईलनं आणि धुळीनं गच्च बुजलेली. वेल्डर हसला. "चचा, नमक का दुकान डाले क्या इसमें? सब येइच खाया."

भावजयीनं डोक्यावरचा पदर सावरला. सासऱ्याशी ती कधी समोरून बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. "मामा, म्हंजी मी नव्हते." तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला होता, की मीही मूर्खासारखी हसले.

आप्पांनी एक पुरचुंडी उचलली आणि मुठीत पिळली. मनगटावरून पाणी ओघळलं. ते शांतपणे दादाला म्हणाले, "बघ. एवढ्या मिठाचं पाणी झालं. एका बाईची एवढी नजर."

दादानं मान डोलावली. वेल्डरनं एकदा आप्पांच्या तोंडाकडं बघितलं, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कामाला लागला. मला आप्पांचा जो राग आला, तो त्यांच्या तेराव्याच्या दिवशीसुद्धा उतरला नव्हता.

नवा पत्रा बसला. त्याच गाडीतून भावजयीला फुलंब्रीकडं सोडलं, केबिनमध्ये नाही, मागं हौदात, तिच्या ट्रंकेशेजारी. पुढं चार लोक बसून काडीमोड झाला.

तुळशीचं लग्न लागल्यावर दादासाठी लासूरकडं मुलगी बघायला गेलो. आप्पांनी शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. पोहे खाऊन झाल्यावर म्हणाले, "पहाटं उठायची सवय हाय का?"

मुलीची आई कौतुकानं म्हणाली, "लई सवय हाय. तिला उठवावं लागतच नाय."

तिथंच सुपारी फुटली.